चौथ्या टेबलावरच्या पन्नास वड्या

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे तराजूबाई म्हणत आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. बावीस वर्षं एकाच तराजूपुढे बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? कापणीच्या खोलीत सहा टेबलं होती, सहा टेबलांवर सहा बायका, आणि सातवी ही, खिडकीपाशी. बायका साबणाच्या लांब पट्ट्या तारेने कापून वड्या पाडत. मोजपट्टी वापरायची नाही, खूण करायची नाही, फक्त डोळा आणि हात. वडी शंभर ग्रॅमची व्हायला हवी. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘हाताने कापलेला’ असं छापलेलं होतं आणि त्या दोन शब्दांसाठी गिऱ्हाईक खुशीने जास्त पैसे देत असे, म्हणून मालकांनी कापायचं यंत्र आणलं नव्हतं. मालकांना हातकामाचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही.

तराजूबाईचं काम ऐकायला सोपं होतं. रोज दुपारी प्रत्येक टेबलावरून पन्नास वड्या उचलायच्या, एकेक तोलायची आणि चौकटीच्या कागदावर फुली मारायची. कागदाच्या तळाशी नव्वदपासून एकशे दहापर्यंत आकडे, प्रत्येक आकड्यावर एक उभं घर. वडी अठ्ठ्याण्णवची भरली की अठ्ठ्याण्णवच्या घरात फुली. आणखी एक तेवढीच भरली की पहिलीच्या डोक्यावर दुसरी. पन्नास वड्या संपेपर्यंत कागदावर फुल्यांचा डोंगर उभा राहायचा, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेला. रोज, प्रत्येक टेबलाचा. पहिल्या महिन्यात तिला ती जादूच वाटली होती. कुणी ठरवून तर कापत नव्हतं.

तिला हे शिकवलं जुन्या मास्तरांनी, जे तिच्याआधी त्या खुर्चीवर बसत. ते म्हणत, एक वडी किती भरेल ते मला विचारू नकोस, कुणालाच सांगता येणार नाही. पन्नास वड्यांचा डोंगर कुठे उभा राहील ते विचार, ते मी डोळे मिटून सांगतो. शेंडा कुठे आहे ते आधी बघायचं, मग पसारा किती आहे ते, आणि मग फुल्या मोजायच्या, त्या पन्नासच भरल्या पाहिजेत. यावर ती हसली होती. पन्नास वड्या तोलल्यावर पन्नासच फुल्या होणार, यात शिकण्यासारखं काय आहे?

मास्तर हसले नव्हते. “एका घरात फुली वाढली, तर ती दुसऱ्या कुठल्यातरी घरातून गेलेली असते,” ते म्हणाले होते. “बेरीज हलत नाही. एवढं एक विसरू नकोस.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. एका हाताला एकच शेंडा. कागदावर दोन शेंडे दिसले की सरळ उठायचं आणि दुसरा हात शोधायचा. मास्तरांनी स्वतः एकदा शोधला होता. तिसऱ्या टेबलावरची बाई जेवणानंतर गोदामात पोत्यांवर झोपायची आणि तिच्या जागी तिची नणंद येऊन कापायची. दोघींची चण सारखी, डोक्याला रुमाल सारखा, कुणाला पत्ता लागला नाही. कागदाने चुगली केली.

वर्षं गेली तशी तराजूबाईला डोंगरावरून माणसं ओळखता यायला लागली. पहिल्या टेबलावरचीचा डोंगर बसका आणि पसरट, कारण तिचं अर्धं लक्ष गप्पांत. सहाव्या टेबलावरचीचा सरळसोट उंच, बाई तशीच करकरीत. कुणाचा पसारा एकाएकी वाढला की समजावं, घरी वाजलंय. नवऱ्याला कळायच्या आधी हिला कळायचं.

आणि चौथं टेबल तिच्या ताईचं. ताईचा शेंडा एकशे तीनवर. एकशे तीन आणि एकशे चारची घरं भरलेली, त्याच्या उजवीकडे एकदम कडा तुटावा तशी फुल्यांची रांग संपलेली, आणि डावीकडे एकशे एकवर एखादी चुकार फुली. एकोणीस वर्षं असंच. सुपरवायझर कटकट करायचा की बाई, तुमचा हात सैल आहे. ताई म्हणायची, घेणाऱ्याकडे चार कण जास्त गेले तर काय आभाळ कोसळणार आहे? दोघी बहिणी एकाच घरात वाढलेल्या, एकाच कारखान्यात लागलेल्या. ताईचा नवरा लवकर गेला, हिने लग्नच केलं नाही. ताई, ताईची मुलगी आणि ही, असं तिघींचं दोन खोल्यांतलं बिऱ्हाड होतं.

चौदा महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ताई अकरा दिवसांत गेली.

कारखान्यात एक रीत होती. कापणारी बाई काम सोडून गेली, कोणत्याही कारणाने, की तिच्या तारेच्या दोन लाकडी मुठी भट्टीत टाकायच्या. कारण अगदी साधं सांगत. मूठ वर्षानुवर्षं एका तळव्याला घासून त्याच्याच आकाराची होते, दुसरीने धरली की तिच्या हाताला फोड येतात. भट्टीवाल्याने ताईच्या मुठी मागितल्या तेव्हा तराजूबाईने सांगितलं, मीच टाकल्या. खरं तर त्या तिच्या खणात होत्या, जुन्या कागदांच्या खाली. अधूनमधून ती खण उघडायची, अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघायची आणि खण लावून टाकायची. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

मग भाची चौथ्या टेबलावर आली. एकोणीस वर्षांची पोर, सडपातळ, सतत शीळ घालणारी. तिला नर्स व्हायचं होतं. प्रवेशाचा अर्ज आणून तिने भिंतीवर टाचणीने लावून ठेवला होता आणि कोर्स सुरू होईपर्यंतचे महिने साबण कापून काढणार होती. तिचा हात हलका. शेंडा सत्त्याण्णववर. आईच्या टेबलावर बसून आईपेक्षा सहा ग्रॅम कमी कापते म्हणून बायका तिची थट्टा करायच्या आणि ती शीळ न थांबवता मान डोलवायची.

नव्या मुठींनी तिच्या हाताला फोड आले. आधी एक, मग तीन, मग त्यातला एक फुटला. मावशीला ते बघवेना. तिने खण उघडला.

“घे,” ती म्हणाली. “आईच्या आहेत तुझ्या. हात तुझा तिच्याएवढाच आहे.”

भाचीने मुठी धरल्या. त्या अशा बसल्या की तिनेही चकित होऊन हाताकडे पाहिलं. फोड चार दिवसांत बरे झाले. मावशीचा जीव भांड्यात पडला.

पाचव्या दिवशी चौथ्या टेबलाच्या कागदावर सत्त्याण्णवच्या डोंगरापासून लांब, एकशे तीनच्या घरात चार फुल्या पडल्या. मावशीला वाटलं, पोरीचं लक्ष उडालं असेल. दुसऱ्या दिवशी पाच. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे तीन आणि एकशे चार मिळून सात, पुढे काहीच नाही, आणि डावीकडे एकशे एकवर एक चुकार फुली. ती पेन्सिल हातात धरून बसून राहिली. घरच्या माणसाचं अक्षर आपण ओळखतो, तसं तिने ते ओळखलं.

तिची पाचावर धारण बसायला हवी होती. तिला मात्र आनंद झाला. इतका, की तिने कागद छातीशी धरला आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड भिंतीकडे केलं. दुसरा हात शोधायला उठायचं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उठली नाही. कुणाचा हात ते तिला कळलं होतं.

त्यानंतर तिचे दिवस बदलले. बाकीची पाच टेबलं ती कशीबशी उरकायची आणि चौथं शेवटी ठेवायची, मुलं आवडीचा घास शेवटी ठेवतात तसं. आठ फुल्या. अकरा. पंधरा. तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. घरी जाताना भाचीशेजारून चालताना तिला उगाच वाटायचं की आपण पुन्हा तिघी आहोत.

ज्या दिवशी पंचवीस इकडे आणि पंचवीस तिकडे झाल्या त्या दिवशी सुपरवायझर स्वतः चौथ्या टेबलाशी आला. तो फुल्यांच्या भानगडीत पडत नसे, फक्त सरासरी बघायचा. चौथ्या टेबलाची सरासरी बरोबर शंभर आली होती, जी कारखान्यात आजवर कुणाची आली नव्हती. त्याने सगळ्यांदेखत भाचीची पाठ थोपटली, म्हणाला, शिका जरा हिच्याकडून. बायकांनी नाकं मुरडली. मावशीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. सत्त्याण्णववर एक डोंगर, एकशे तीनवर एक डोंगर, आणि मधे शंभराच्या घरात एकसुद्धा फुली नव्हती. ज्या शंभराचं कौतुक चाललं होतं, तेवढी वडी त्या दिवशी कुणी कापलीच नव्हती. तिला पहिल्यांदा थंडी वाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन चौथ्या टेबलाशेजारी जाऊन बसली, वड्या पडतील त्या क्रमाने घेते म्हणाली. एकेक वडी तिने हातानेच जोखली; बावीस वर्षांनंतर तेवढं तिला तराजूशिवाय कळत होतं. हलकी, हलकी, हलकी. भाचीची शीळ चालू. मग शीळ थांबली. भाचीचा डावा खांदा जरासा खाली आला, तिने ओठ आत ओढून धरले आणि तार सावकाश, दाबून खाली आणली. जड. पुन्हा जड. ताईचा डावा खांदा असाच उतरायचा, लहानपणी झाडावरून पडल्यापासून. ही पोर कधी झाडावर चढलीसुद्धा नव्हती. मग खांदा वर आला आणि शीळ मधल्याच सुरापासून पुढे सुरू झाली. मधे काही घडलं याची तिला गंधवार्ता नव्हती.

मावशीने विचारलं, शीळ का थांबवलीस गं? भाची म्हणाली, कुठे थांबवली?

त्यानंतरच्या पंधरवड्यात शीळ कमी कमी होत गेली. भाची बोलताना अडखळायची, मैत्रिणीचं नाव आठवेना, आवडता झगा हातात धरून हा कुणाचा म्हणून विचारायची. स्वयंपाकघरात डबे ताईच्या क्रमाने लागू लागले. एका सकाळी मावशी आरशापुढे वेणी घालत होती, तेव्हा मागून भाची आली, तिने फणी काढून घेतली आणि केसांतला गुंता सोडवता सोडवता म्हणाली, “हलू नकोस गं ठके, ओढ बसेल.”

ठकी. लहानपणी चिंध्यांच्या बाहुलीवरून ताईने पाडलेलं ते नाव. ताईशिवाय जगात कुणीही त्या नावाने तिला हाक मारलेली नव्हती आणि भाचीसमोर ते कधी उच्चारलं गेलं नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. ती हलली नाही. केसांतला तो हात थांबू नये, एवढंच तिला वाटत होतं. आपण किती वेळ तशा बसलो ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

त्याच दिवशी तिने कचऱ्याच्या बादलीत तो अर्ज पाहिला. भिंतीवरून काढून, चार घड्या घालून टाकलेला. तिने विचारलं तेव्हा भाची भांडं पुसता पुसता म्हणाली की, मला काय करायचंय ते नर्सबिर्स होऊन, माझं टेबल आहे ना. आवाज भाचीचाच होता. पण ‘माझं टेबल’ म्हणताना तिच्या डोळ्यांत जे काही होतं, ते एकोणीस वर्षांचं नव्हतं.

दुपारी मावशीने चौथ्या टेबलाच्या फुल्या मोजल्या. एकशे तीनच्या डोंगरात अडतीस. सत्त्याण्णवच्या घरात आणि आजूबाजूला मिळून बारा. अडतीस आणि बारा पन्नास. तिने पुन्हा मोजल्या, मग आधीचे सगळे कागद काढून क्रमाने लावले आणि मोजल्या. प्रत्येक दिवशी पन्नास. बाईला आकडे शिकवायला मास्तरांना तीन महिने लागले होते आणि त्यातलं सगळ्यात सोपं, ज्याला ती हसली होती, तेच ती विसरली होती. दोन महिने ती फक्त वाढणाऱ्या फुल्या मोजत बसली होती. त्या कुठून येत होत्या, ते तिने विचारलंच नव्हतं.

ताई परत येत नव्हती. ताई पोरीच्या जागेत येत होती, एकेका फुलीने. आणि ताईला ते ठाऊक असेल असं तिला वाटेना. जी बाई पोरगी शिंकली तरी रात्रभर बसून राहायची, ती जाणूनबुजून हे करील? तिला बिचारीला फक्त आपल्या मुठी सापडल्या होत्या.

मावशी उठली. चौथ्या टेबलाशी जाऊन तिने भाचीच्या हातातून तार काढून घेतली. भाचीने सोडली नाही. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली, आणि त्या वेळी तिने मावशीकडे ज्या नजरेने पाहिलं ती मावशीला आयुष्यभर पुरली असती. मावशी मोठ्याने म्हणाली की तार गंजलीय, बदलायला हवी, आणि नव्या कोऱ्या मुठींची तार तिच्या हातात कोंबली. भाचीला पुन्हा फोड आले. बारा फुल्यांच्या वीस झाल्या, मग एकतीस, मग चव्वेचाळीस. नवव्या दिवशी पन्नासच्या पन्नास सत्त्याण्णवच्या डोंगरात परत आल्या आणि तिसऱ्या प्रहरी कापणीच्या खोलीत शीळ ऐकू आली, जरा बेसूर. घरी गेल्यावर भाचीने कुणीतरी आपला अर्ज भिंतीवरून काढला म्हणून थयथयाट केला. मावशी तो उगाच ऐकत राहिली. तिने बादलीतून काढून उशीखाली सपाट केलेला अर्ज पुढे केला.

उरल्या मुठी. त्या रुमालात बांधून ती भट्टीवर गेली. भट्टीवाल्याने झाकण उघडलं आणि तो बाजूला झाला. आतली धग तोंडावर आली. तिने रुमाल सोडला, मुठी हातात घेतल्या. अंगठ्याच्या खळग्यात अंगठा गेला.

एकदा तिने ताईला पोहोचवलं होतं. तेव्हा ताई काही बोलत नव्हती, फणी हातात घेत नव्हती, ठके म्हणत नव्हती. भट्टीवाला म्हणाला, टाका बाई, झाकण फार वेळ उघडं ठेवता येत नाही. तिने मुठी रुमालात बांधल्या आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सांगितलं की आताशा बारीक आकडे वाचून डोळे दुखतात, मला टेबल द्या, तराजूवर भाचीला बसवा, पोर हुशार आहे आणि तशी दोन महिन्यांनी जायचीच आहे. सुपरवायझरला हे काही पटलं नाही, पण बावीस वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं. भाचीला तिने दोन दिवस शेजारी बसवून काम शिकवलं. वडी कशी ठेवायची, काटा कधी वाचायचा, शेंडा कुठे बघायचा, पसारा कशावरून ओळखायचा. मास्तरांनी शिकवलं होतं ते सगळं तिने शिकवलं. दोन शेंड्यांचं एक वाक्य तेवढं गाळलं.

मग ती चौथ्या टेबलावर बसली, रुमाल सोडला आणि मुठींना नवी तार बांधली. आयुष्यात पहिल्यांदा ती साबण कापत होती. हात घाबरट, वडी ओबडधोबड. भाची लांबून हसली. पहिले तीन दिवस तिच्या फुल्या ब्याण्णवपासून शंभरापर्यंत नुसत्या विखुरलेल्या होत्या, मग हळूहळू पंच्याण्णववर शेंडा धरू लागला. वाईट नाही, भाची म्हणाली, मोठ्या माणसासारखी.

सहाव्या दिवशी दुपारी भाची कागद घेऊन चौथ्या टेबलाशी आली. शीळ घालत आली आणि कागद पुढे धरताना थांबली.

“मावशी, हे बघ ना. तुझा डोंगर पंच्याण्णववर आहे, आणि इकडे लांब एकशे तीनवर चार फुल्या. मी दोनदा तोलल्या. हे असं कशाने होतं?”

मावशीने कागदाकडे पाहिलं. चार फुल्या, एकावर एक, आणि उजवीकडे काही नाही. तिचा डावा खांदा दुखत होता, सकाळपासून. पन्नासातून चार गेल्या की शेहेचाळीस उरतात. पोरीच्या वेळी अडतीसपर्यंत यायला दोन महिने लागले होते. तोवर पोर कोर्सला गेलेली असेल, आणि नंतरचे कागद कुणाच्या हातात पडायचे ते पडोत.

“नवा हात आहे,” ती म्हणाली. “बसेल हळूहळू.”

“बरं,” भाची म्हणाली आणि जाता जाता पेन्सिलीच्या टोकाने पुटपुटत फुल्या मोजू लागली. “अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. बरोबर आहेत.”

तराजूबाईने ओठ आत ओढले, मुठी घट्ट धरल्या आणि तार सावकाश, दाबून खाली आणली.